पळसाखालचा चौकोन

आईला जाऊन दीडेक महिना झाला होता, तेव्हा तो चौकोन पहिल्यांदा माझ्या पडद्यावर आला. पळसाखाली, वाटेच्या जरा डावीकडे, आईएवढ्या उंचीचा. वर लिहिलेलं: माणूस. आणि चौकोनाच्या आत कोणीच नव्हतं.

थांबा, चौकोन म्हणजे काय ते आधी सांगते. नाहीतर म्हणाल, बाई भुताखेताच्या गोष्टी घेऊन बसली. यवतमाळच्या बाहेर लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका शेडच्या माडीवर आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही काही मुली दिवसभर जंगलाचे फोटो पाहतो. गावांच्या कडेला झाडांवर कॅमेरे बांधलेत. समोर काही हललं की फोटो निघतो, आणि कॅमेऱ्यातलं मॉडेल त्या फोटोत जे दिसेल त्याच्याभोवती चौकोन आखून वर नाव लिहितं. वाघ, बिबट, डुक्कर, रोही, गुरं, माणूस. वाघ किंवा बिबट लिहिलं की गावातल्या खांबावरचा भोंगा बोंबलायला लागतो आणि लोक घरात शिरतात. मग ते सगळे फोटो दुसऱ्या दिवशी आमच्याकडे येतात. आम्ही बरोबर की चूक ते सांगायचं, आणि आमच्या सांगण्यावरून मॉडेल पुन्हा शिकतं.

कसं शिकतं, हे मला पहिले काही महिने समजलंच नव्हतं. मला वाटायचं, कोणीतरी त्याला सांगून ठेवलं असेल की बाबा, पट्टे असले की वाघ. तसं काही नसतं. त्याला नुसते फोटो दाखवायचे आणि उत्तरं द्यायची. चुकलं की त्याच्या आतले लाखो आकडे हे एवढे एवढे सरकतात, आणि पुढच्या वेळी ते जरा कमी चुकतं. असं करत करत ते हुशार होतं. पण नेमकं काय पाहून हुशार झालं, हे बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. आमचे सर तर उघड कबूल करतात. त्यांचं म्हणणं, जगभर यावर संशोधन चाललंय, माणसं रोज नवे लेख लिहून राहिलीत, आणि अजून आत डोकावायला नीट खिडकी सापडलेली नाही.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा झरी जामणीकडे, जंगलाला अगदी खेटून. आमचे पूर्वज बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरायचे. आता आम्ही पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर पेरतो, आणि आमच्या पोरी जीन्स घालतात. जुना पेहराव तांड्यात शेवटी एकट्या आईच्या अंगावर उरला होता. गडद लाल फेटिया, म्हणजे आमचा घेरदार घागरा, काचळी, डोक्यावरून मोठी ओढणी, आणि या सगळ्यावर जागा मिळेल तिथे टाकलेले गोल आरसे. ती चालली की उन्हात भिंतीवर उजेडाचे ठिपके पळायचे. मी लहानपणी ते पकडायला धावायची. मोठी झाल्यावर मला त्याची लाज वाटायची, आणि तिला माझ्या लाजेचं हसू यायचं.

आणि आईची एक खोड होती. घराला संडास बांधलेला, फरशी लावलेला, भावानं हौसेनं नळही आत नेलेला. आई त्यात पाय ठेवायची नाही. "त्या खोक्यात माहा जीव गुदमरते," म्हणायची. (घरात आम्ही गोर बोली बोलतो, पण तिचं बोलणं इथे वऱ्हाडीत सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल.) दिवस उगवायच्या आत आणि दिवेलागणीला डबडं घेऊन ती पळसाच्या वाटेनं निघायचीच. वाघ आला तरी निघायची. भाऊ ओरडायचा, वहिनी हात जोडायची. काही उपयोग नाही.

कॅमेरा नेमका त्याच वाटेवर बसला. पहिल्याच संध्याकाळी भोंगा वाजला आणि तांड्याची पाचावर धारण बसली. लोकांनी शेळ्या ओढून आत घेतल्या, दारं लावली, फोनवर संदेश: वाघ. आणि वाटेनं डबडं हलवत माझी आई येतेय! झालं असं की अंधारून आलं की कॅमेरा डोळ्याला न दिसणारा उजेड टाकतो. तो उजेड तिच्या आरशांवरून थेट परत फिरला. फोटो काळा, आणि त्यात पांढरेफट्ट गोल चमकणारे ठिपके. रात्री जनावरांचे डोळे असेच चमकतात. मॉडेलनं आपल्या परीनं हिशेब केला: डोळेच डोळे, म्हणजे वाघ.

मग ते रोजचंच झालं. भोंगा वाजला की आई वाटेत थांबायची आणि तांड्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगायची, "म छू! म छू!" मी आहे, मी आहे. मग शेजारची काकी पहिली दार उघडायची आणि शिव्या घालायची, "कायले जीव खाऊन राह्यली आमचा! घरात बस की!" आई म्हणायची, "त्या मेल्याले सांग, मी वाघ नाही म्हणून." दोघी हसायच्या. काकीकडे चहा व्हायचा. भोंगा तोवर बोंबलतच असायचा.

हसण्यावारी किती दिवस नेणार? लोक भोंग्याला भिईनासे झाले. वाजला की म्हणायचे, म्हातारी चालली. आणि त्याच हिवाळ्यात नाल्यापलीकडे खरी वाघीण फिरत होती. तांड्याच्या प्रमुखानं, नायकानं, भावाला बसवून सांगितलं, एक तर आईचे कपडे बदल, नाहीतर यंत्र काढायला लाव. आई म्हणाली, "कपडे नाही बदलत. यंत्रालेच शिकवा मले ओळखायले. माही पोरगी तेच काम करते न?"

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, सोपं आहे, तिचे भरपूर फोटो द्या आणि माणूस म्हणून सांगा. मग मी शनिवार-रविवार एसटीनं घरी जायची आणि दिवेलागणीला आईला कॅमेऱ्यासमोरून चालवायची. जा, ये. वाक, उभी राहा. डोक्यावर भारा घे, भारा ठेव. तिला त्याची फार मजा वाटायची. लग्नातही तिचा कोणी फोटो काढला नव्हता. सोमवारी तेच फोटो माझ्या पडद्यावर यायचे आणि मी एकेकाभोवती चौकोन आखून लिहायची: माणूस. माणूस. माणूस. हात दुखेपर्यंत. मॉडेल शिकलं. एका संध्याकाळी आई पळसाखालून गेली आणि भोंगा गप्प राहिला. तिनं सवयीनं तांड्याकडे तोंड करून सांगितलंच, म छू. काकी म्हणाली, "आता कायले ओरडतेस? ओळखलं न त्यानं तुले." आईचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, दोन दिवस बोलत होती आणि मग नाही. काही गूढ नाही त्यात. आम्ही तिला नव्या लुगड्यात नेलं. फेटिया, काचळी, ओढणी वहिनीनं धुऊन पेटीत ठेवली.

आणि मग तो चौकोन.

पहिल्या दिवशी मी फोटो मोठा करून करून पाहिला. काळोख, पळसाचा बुंधा, पानावर पडलेला कसलासा लहानसा उजेड. दव असेल, कोळ्याचं जाळं असेल. आमच्या नियमाप्रमाणे मी लिहिलं: रिकामं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीच जागा, तीच उंची, तीच वेळ, आणि बाजूला मॉडेलची खात्री टक्क्यांत, जवळजवळ पूर्ण. मी पुन्हा लिहिलं: रिकामं. मॉडेल काही रोज शिकत नाही, वर्षातून एकदा-दोनदा शिकवायला बसवतात. तोवर रोज सकाळी ते म्हणायचं, आहे. रोज सकाळी मी म्हणायची, नाही.

मी देवाधर्माची फारशी नाही. ऑफिसातल्या पोरींना मीच समजवायची की अगं, आकड्यांचा खेळ आहे. पण तुम्ही बसून पाहा एकदा माझ्या खुर्चीत. तुमची आई गेली आहे, तिला खांदा दिलेल्यांच्या मागे तुम्ही स्वतः रडत गेला आहात, आणि एक यंत्र, ज्याला रडता येत नाही, खोटं बोलता येत नाही, रोज बोट दाखवून सांगतंय की ती पळसाखाली उभी आहे. अंगावर काटा यायचा. आणि खरं सांगते, बरंही वाटायचं. सकाळी ऑफिसात शिरताना माझे पाय आपोआप भरभर पडायचे. एखाद्या दिवशी तो फोटो आला नाही की जेवणाचा डबा तसाच परत जायचा.

भावाला एकदा फोनवर सांगून बसले. त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "बाई, तुह्या वहिनीले सांगू नको. ती त्याच वाटेनं वावरात जाते."

दिवाळीनंतर वेचणीचे दिवस होते. सकाळी खुर्चीवर बसले तर पळसाचे दोन फोटो आलेले, आदल्या संध्याकाळचे, लागोपाठचे. पहिल्यात चौकोन, वर लिहिलेलं माणूस. मी रिकामं लिहायला बोट नेलं आणि थांबले. आज उजेडाचे दोन ठिपके होते. शेजारी शेजारी, एका पातळीत. मी फोटो उजळवला. घाणेरीच्या झुडपामागून हळूहळू एक कान निघाला. मग खांदा. मग खांद्यावरचे पट्टे.

ती बसली होती. चौकोन तिच्यापेक्षा बराच उंच होता, आईएवढा, आणि त्याच्या तळाशी वाघीण बसली होती. वर लिहिलेलं: माणूस.

दुसऱ्या फोटोत डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेली माझी वहिनी होती. तीच वाट, तोच पळस. वेळ पाहिली तर दोघींत पाच मिनिटंही नव्हती. तिच्याभोवतीही चौकोन, वर तेच नाव. भोंगा वाजलाच नव्हता. वाजणार कशाला?

रात्री ती घरी पोचली असणार, नाहीतर फोन आला असता; पण आज सकाळी ती पुन्हा त्याच वाटेनं वावरात गेली असणार. भावाला फोन लावला, वाजून वाजून बंद. वहिनी तर फोन घरीच ठेवते. पुन्हा लावला. पुन्हा. शेजारची पोरगी म्हणाली, पाणी पी, मी तिच्यावर खेकसले. शेवटी काकीच्या नातसुनेला लावला, तिला म्हटलं, धावत जा, चार माणसं घेऊन वावरात जा, वहिनीला आण. ती वीसेक मिनिटं मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. मग भावाचाच फोन आला. "आहे, आहे, समोरच आहे ती. पऱ्हाटीत होतो, फोन गाडीच्या डिक्कीत होता. काय झालं?" जीव भांड्यात पडला आणि मी सगळ्या ऑफिसासमोर हमसून हमसून रडले. नंतर ते पळसाखाली गेले तर मऊ मातीत ताजे पंजे होते.

सरांनी दुपारी मला बोलावलं. त्यांच्याकडे एक नवी पद्धत होती, आत डोकावायची छोटीशी फट म्हणा. मॉडेलनं उत्तर देताना फोटोतला कुठला भाग पाहिला, ते लाल रंगात दाखवायचं. त्यांनी आईचाच एक जुना फोटो लावला. भारा घेऊन उभी, कॅमेऱ्याकडे पाहून हसतेय. मग कळ दाबली. लाल रंग आला तो आरशांवर आला. आणि थोडा पळसाच्या बुंध्यावर. चेहऱ्यावर काही नाही. हातांवर नाही. त्या हसण्यावर एक ठिपका नाही.

सर हळू आवाजात म्हणाले, "बघा, ते असं शिकलं. या पळसाजवळ काही चमकलं की माणूस. सगळे फोटो एकाच जागचे, एकाच वेळचे होते ना."

मी म्हटलं, "म्हणजे माझी आई त्याला कधी दिसलीच नाही?"

त्यांनी हळूच पडद्यावरचा लाल रंग काढला. भला माणूस आहे. मला मात्र त्या क्षणी त्याचा, त्या मॉडेलचा, कॅमेऱ्याचा, सगळ्यांचा असा संताप आला की वाटलं, खिडकीतून फेकून द्यावं सगळं. तिला वाटलं होतं ओळखलं म्हणून. ती त्या आनंदात गेली. आणि इतके महिने मी कोणासाठी भरभर चालत येत होते?

उपाय एकच होता. आईचे सगळे फोटो शिकवण्यातून काढायचे आणि त्यांच्याशिवाय मॉडेल नव्यानं शिकवायचं. सर म्हणाले, हे काम दुसऱ्या कोणाला देतो. मी म्हटलं, नाही, मीच करते. एकेक उघडायचा आणि "वगळा" दाबायचं. वाकलेली आई, वगळा. डबडं घेतलेली आई, वगळा. एका फोटोत ती जीभ दाखवत होती, तो मी आधी पाहिलाच नव्हता. त्याच्यावर मी बराच वेळ थांबले. मग पंजे आठवले, वहिनीचं गाठोडं आठवलं. दाबलं.

नवं मॉडेल कॅमेऱ्यात चढलं. आता ते जुनं विसरलं की नाही, हे पाहायला हवं होतं. सर म्हणाले, चमकणारं काही घेऊन कोणीतरी दिवेलागणीला तिथून जावं. भोंगा वाजला तर चांगलं, म्हणजे शंका आली की ते पुन्हा ओरडायला लागलं. भाऊ म्हणाला, "तिचा फेटिया पेटीत आहे. पण घालीन कोण?" वहिनीनं मान फिरवली. मी घातला.

वाघीण दोन दिवसांपासून नाल्यापार लांब होती, वनरक्षकानं खात्री करून सांगितलं होतं. तो वावराच्या टोकाला उभा राहिला, भाऊ भोंग्याच्या खांबाखाली. तांड्यात नायकाशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळे पाहायला जमले असते आणि कॅमेऱ्यासमोर जत्रा भरली असती.

फेटिया केवढा जड होता! हे ओझं घेऊन ती रोज दोनदा जायची. मी पळसाच्या वाटेनं चालू लागले. आरसे एकमेकांवर वाजत होते, तो आवाज माझ्याच कमरेतून येत होता आणि तरी मी दोनदा मागे वळून पाहिलं. पळसाखाली आले. थोडी डावीकडे सरकले, जिथे चौकोन यायचा तिथे. उभी राहिले.

भोंगा वाजला.

तांड्यातून दारं धडाधड लागल्याचे आवाज आले. शेळ्या ओरडल्या. कोणीतरी पोरांना हाका मारत होतं. सगळं जसं व्हायला हवं तसं झालं. मी वळून तांड्याकडे चालत आले. काकीच्या घरासमोर पोचले आणि माझ्या तोंडून, मी ठरवलं नव्हतं, शपथ सांगते, माझ्या तोंडून निघालं, "म छू! म छू!"

काकीचं दार उघडलं. पूर्वीसारखं, लगेच. तिनं बाहेर पाहिलं. फेटिया पाहिला, ओढणी पाहिली. तोंड उघडलं तिनं, वाटलं आता शिवी देईल, चहा टाकते म्हणेल. मी हसले सुद्धा. पण तिनं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचं मी ऐकलं.

फोन वाजला. भाऊ होता, आनंदानं ओरडत होता. "वाजला, बाई! वाजला! विसरलं ते!"

"हो," मी म्हटलं. "ऐकू आला."